बंदीच्या महिन्यातला नकाशा

हिरूबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी पालघरला न्हाव्याच्या खुर्चीत होतो, अर्धा गाल साबणात. फोन तिच्या सुनेचा, सुगंधाचा. "काका, आय गेली. सकाली चा पिली, आडवी झाली, ती उटलीच नाय." अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आलो. ती तारापूरच्या चौकात मासे विकणारी दांडी गावची बाई, मी बांधकाम खात्यातला निवृत्त इंजिनिअर. नातं म्हणावं तर कसलंच नाही... पण उरलेली दाढी त्या दिवशी केलीच नाही.

तो जुना चौक फक्त पायी चालणाऱ्यांसाठी करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी भलताच फुशारलो होतो. रिक्षा-टेम्पो बाहेर, खाली दगडी फरशी, जुन्या विहिरीला नवा कठडा, वडाखाली बाकं. मोजणी मी स्वतः केली, तीही पावसाळ्यात, वर्दळ कमी म्हणून. आता पावसाळ्यात मासेमारी बंद असते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! त्या दिवसांत मासेवाल्या बायका सुकी मासळी घेऊन मनोरच्या बाजाराला जातात. वडाखालची त्यांची जागा मला रिकामी दिसली आणि नकाशात तिथे मी झोकात सहा बाकं काढली. अरे, जन्म या किनाऱ्यावर गेला माझा, आणि हे एवढं सुचू नये?

बंदी उठली, होड्या गेल्या आणि एका सकाळी बाराजणी पाट्या घेऊन हजर. मी मारलेल्या चुन्याच्या रेघांवरच हिरूबाईने बैठक मारली. "इथे आता बसता येणार नाही," मी म्हणालो. तिने भांडण केलं नाही. "सायेब, आजच्या दिस माज्या बाजूला बसा. कोन कोन पायी येतं ता बगा." मी चिडूनच बसलो. वाडीतल्या बायका आल्या, सरकारी कॉलनीतल्या एक बाई आल्या, बोईसरच्या कारखान्यातला एकजण "मौसी, बांगडा कैसे दिया?" करत आला. सगळे माशांसाठी येत, मग भाजी घेत, फुलं घेत, विहिरीपाशी गप्पा छाटत. या बायका उठल्या तर माझ्या देखण्या चौकात चालणार कोण, कपाळ माझं?

नकाशा बदलून घेतला, त्यासाठी माझ्या वरच्या साहेबांची बोलणी खाल्ली. बाकं विहिरीकडे सरकवली. वडाखाली ओटा बांधला, मासे धुतलेलं पाणी वाहून जायला उतार दिला. ओट्याची उंची हिरूबाईचे दुखरे गुडघे बघून ठरवली. पण "आमची जागा पुसली कोनी?" असं तिने विचारलं, तेव्हा मी बिनदिक्कत सांगितलं, "मुंबईच्या नकाशावाल्यांनी." असे कोणी नव्हतेच! पुढे मी मासे घ्यायला गेलो की ती त्या नकाशावाल्यांचा उद्धार करायची. "मेल्यांना डोले हायत का बटनं?" मीही मान डोलवून हसायचो. आतून मात्र शरमेने अर्धमेला व्हायचो. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली... आणि राहूनच गेलं.

दिवसकार्य उरकल्यावर चौकात गेलो. ओट्यावर सुगंधा मांदेली साफ करत होती. तिच्याजवळ सगळं ओकून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत.

"आयला म्हायत होतं, काका. मनोरची यष्टी पकडायला जाताना तुमाला फीत धरून मोजताना बगितलेलं तिनी."

"मग कधी बोलली का नाही?"

"नाय कशी? मुंबईवाल्यांच्या नावानं इतकी वर्सं कोनाला बोलत होती?"

हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. मासे घ्यायला आलेल्या दोन बायका बघत राहिल्या, बघू देत. मी ओट्याच्या कडेला मटकन बसलो. सुगंधाने पाटी जराशी सरकवून मला जागा दिली. तिथून मला कोणी उठवलं नाही.