पुढच्याच्या गळ्यातला हार

औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटवर काल निवृत्तीचा निरोप पाहिला. मी समोर कामगारांची पत्रकं वाटत उभा होतो. तिथली रीत अशी, की निवृत्त होणारा माणूस गेटबाहेर पडताना गळ्यातला हार काढतो आणि ज्याची निवृत्ती यानंतर असेल त्याच्या गळ्यात घालतो.

सारं आयुष्य लेथवर काढलेल्या सावंतकाकांनी हार काढला आणि शेजारी उभ्या असलेल्या दिलीपच्या गळ्यात घातला. सगळे हसले.

“काका, मी कंत्राटी,” दिलीप म्हणाला. “आम्हाला निवृत्ती नसते. उद्यापासून येऊ नको, एवढंच सांगतात.”

“मग पुढचा कोण?”

“कोणीच नाही. कायम असलेले तुम्हीच शेवटचे.”

मंदी आली तेव्हा मालकाने आधी पेन्शनच्या फंडातला आपला वाटा थांबवला. बाजार सुधारला की भरू, म्हणाला. मग कायम कामगारांची भरतीच बंद केली. यंत्रांचं तेलपाणी मात्र एक दिवस चुकलं नाही. म्हातारपण मंदीसाठी थांबत नाही, दिलीपच्या कानशिलांवर ते पांढरं होऊन बसलंच आहे. माझ्या पत्रकात हेच छापलेलं होतं, पण त्याच्यापुढे ते धरायला हात उठेना.

दिलीपने हार परत दिला. काकांनी तो गेटच्या कडीला अडकवला आणि मागे न बघता ते चालू लागले. दुसऱ्या पाळीची माणसं आत शिरत होती, हाराचा स्पर्श होऊ नये म्हणून अंग चोरून.