सगळ्यात मागची फुलाबाई

इगतपुरीकडं भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करणाऱ्या टोळ्या पुष्कळ, पण सगळ्यात मंद बाईला म्होरकी केलेली टोळी एकच, फुलाबाईची. बाई ठेंगणी, गुडघे कुरकुरणारे, आवाज असा की बांधापलीकडं पोचायचा नाही. तिचा फोटो बॅनरवर लावला असता तर लोकांनी आधी विचारलं असतं, बाई कधी गेल्या? तरी नऊ वर्षं दहा बायका तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. का, ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं.

आवणी वाकून, मागं मागं सरकत करायची असते. शेजारणी झपाझप सरकल्या आणि एखादी रेंगाळली, की तिच्या दोन्ही अंगांना रोपं उभी राहतात आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ती एकटी उरते. मग बाकीच्या ओरडतात, "कोंडली, कोंडली." त्या थट्टेपेक्षा सासूची बोलणी परवडली. फुलाबाईच्या टोळीत मात्र कधी कुणी कोंडली नव्हती; मागची येईपर्यंत बाकीच्या थांबायच्या.

यंदा घोडं अडलं ते चिमाजीच्या खाचरात. चिमाजी नाशिक रोडच्या छापखान्यात नोकरी करून निवृत्त झालेला, आणि वेगावर त्याची भारी श्रद्धा. छत्री धरून तो बांधावरून म्हणाला, "फुलाबाई, तू लय सावकाश. आज दिशाला म्होरकी कर, नायतर मी दुसरी टोळी बघतो."

दिशा म्हणजे टोळीतली नवी सून. हात शिवणयंत्रासारखा चाले. फुलाबाईला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. पण चिमाजीचं खाचर हातचं गेलं की गावभर बोभाटा होणार आणि बाकीचे शेतकरीही फिरणार, म्हणजे अकरा चुलींचा प्रश्न. ती "बरं" म्हणाली आणि पार टोकाला जाऊन उभी राहिली.

दिशानं शर्यतच लावली. दुपारपर्यंत तिघी कोंडल्या आणि तापातून उठलेली ललिता रडकुंडीला आली. चिमाजी खूश. फुलाबाईला मात्र दिसत होतं की रोपं नुसती चिखलावर टेकवली जाताहेत, अंगठ्यानं कुणी दाबत नाही. सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण खोटं कशाला बोला, ती रुसली होती. होऊ दे फजिती, कळेल चिमाजीला, असं मनात म्हणत ती गप्प राहिली. शेवटी माणूसच ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर अर्ध्या खाचरातली रोपं पाण्यावर तरंगत होती. चिमाजीच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे कुणाचं काम?"

दिशाचा चेहरा पांढराफटक पडला. ललिता तर बोट दाखवायच्या तयारीतच होती.

"माझं," फुलाबाई म्हणाली. "रोपं वरवर लागत व्हती, मला दिसलं व्हतं. मी बोलले नाय. रुसले व्हते."

आजवर चिमाजीनं नाना सबबी ऐकल्या होत्या, ही नवी होती.

"दिवस मावळायच्या आत नीट लावून देतो, भाऊ. नाय जमलं तर खुशाल दुसरी टोळी आणा."

मग तिनं दिशाला ललिताशेजारी उभं केलं. "तुझा हात जलद हाय ना, मग हिचा अर्धा पट्टा तू घे."

"मग मी मागं पडंल की, मावशी."

"पडशील. मी न्हाई पडत रोज?"

दिशाचा हात थांबला. नऊ वर्षं ही बाई सगळ्यात दमलेल्या बाईशेजारी उभी राहून दोघींचं काम ओढत होती, आणि जग तिला मंद म्हणत होतं. दिशाला स्वतःची लाज वाटली. त्यानंतर ती दिवसभर नुसती रोपं दाबत राहिली.

ऊन कलताना बायका बांधावर चढल्या, पाय धुऊ लागल्या. दिवस मावळायच्या घाईत आज कुणी थांबलं नव्हतं; खाचरात एकच पट्टा उरला होता आणि त्यात फुलाबाई, गुडघ्यावर हात टेकून उभी. बाई पहिल्यांदाच कोंडली होती. कुणीतरी थट्टेला सुरुवातही केली. दिशानं धुतलेले पाय पुन्हा चिखलात घातले आणि ती तिच्याजवळ गेली.

"सरक जरा, मावशी."

"दाबतेस ना?"

"दाबते."

शेवटची रोपं लागत असताना चिमाजीनं बांधावरून विचारलं, "मग पुढल्या साली म्होरकी कोण?"

फुलाबाईनं मान वर केली नाही. "ही. मागं यायला शिकली," ती म्हणाली, आणि हातातली उरलेली जुडी तिनं दिशाकडं दिली.