पंखाचे टाके

विमानाच्या पंखावर टिचकी मारली की डफासारखा आवाज येतो. डॉक्टरबाई विमानात बसण्याआधी रोज अशी एक टिचकी मारतात. लष्करातलं हे जुनं छोटं विमान त्यांनी मोडीतून आणून नीट करून घेतलं, आणि आता साठीत ते चालवायला शिकताहेत. त्याचे पंख कापडाचे आहेत. ते मी शिवले. मी ब्लाउज, कुडते शिवणारी. विमान दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी मला दाखवलं की इथे प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ मारायची, म्हणजे एक तुटला तरी शेजारचा उसवत नाही.

आज बाई पहिल्यांदा एकट्या वर जाणार होत्या. माझ्याच्याने राहवेना.

"बाई, एखादी गाठ सैल राहिली असली तर?"

"सुमन, तुझे कुडते मी किती वर्षं घालतेय. कधी उसवला का?"

"कुडत्यावर काही तुम्ही आभाळात जात नव्हता."

त्या हसल्या, टिचकी मारली आणि गेल्या.

विमान चिमणीएवढं झालं. माझ्या हातचे कपडे घालून कुणी बोहल्यावर उभी राहिली, कुणी नोकरीला लागली. कपडा दिला की माझं काम संपायचं. आज पहिल्यांदाच मी शिवलेलं कुठवर जातं ते मान वर करून बघत होते.

बाई सुखरूप उतरल्या. मी धावत जाऊन आधी पंख चाचपला. सगळ्या गाठी हाताला लागल्या. बाईंनी दोन्ही हात वर केले, तेव्हा कुडत्याची काखेतली शिवण उसवलेली दिसली.

आता तो कुडता मांडीवर घेऊन बसले आहे. प्रत्येक टाक्याला गाठ मारते आहे.