खंडेनवमीचं तेल

आमच्या तेलगावात आसारामला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्याला एकदा तरी उचलून कुठे ठेवलं नाही असा बाप्याही विरळाच. ऊसतोडीला गेला असताना उसाची ट्रॉली मागे सरकली आणि त्याचा डावा पाय गेला. तेव्हापासून लग्न असो की मयत, दोघं जण पुढे होत, "धर रे आसारामला" म्हणत आणि मोटारसायकलवर मधोमध कोंबत. माणसं चांगली होती हो. पण चांगुलपणाचाही जाच होतो. माझं किराणा दुकान त्याच्या ओट्यासमोरच आहे, त्याचं तोंड मला रोज दिसायचं.

खंडेनवमी त्याला सगळ्यात वाईट जायची. दसरा झाला की आमच्याकडची माणसं ऊस तोडायला निघतात, म्हणून आदल्या दिवशी रामहरीच्या गॅरेजपुढे ट्रॅक्टर धुऊन, तेल बदलून, हार घालून रांगेने उभे राहतात. जुन्या तेलावर पूजा करायची नाही, हा आमच्याकडचा कायदा. कुणी केला ते विचारू नका. आसाराम प्लास्टिकच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या गाड्यांना लागणारं हळदीकुंकू बघायचा. घरात त्याची बायको अंजना कोयता, खुरपी, विळा मांडायची आणि दरवर्षी भीत भीत विचारायची, "अवो, कुबड्या बी ठिवू का पूजेत?"

तो भडकायचा. "त्या काय हत्यारं हायत का? पायाची निशाणी हाय ती. पूजा कशाची करायची, कळत न्हाई का तुला?"

पुढे त्याचा पोरगा हरिओम पुण्याला नोकरीला लागला आणि त्याने एक वापरलेली मोटार आणून दारात उभी केली. बिनक्लचची, गिअर आपोआप बदलणारी. डाव्या पायाला कामच नाही! आसाराम कापूस निघालेल्या रानात ती शिकला, एक बांध फोडला, लायसनसाठी बीडच्या चकरा मारल्या आणि एक दिवस एकटाच तलवाड्याला लेकीकडे, राजनंदिनीकडे जाऊन आला. परत आल्यावर गाडीतूनच मला हाक मारली. "जावयाच्या दारात माझा मी उतरलो बे. कुणाच्या खांद्याला हात न्हाई लावला." एवढा दांडगा माणूस, पण डोळे भरले होते. खोटं कशाला बोलू, माझेही भरले.

त्यानंतर तोच लोकांना उचलायला लागला. बाजाराला निघालेली म्हातारी दिसली की गाडी थांबलीच.

दुसऱ्या वर्षी हरिओमने फोनवर सांगितलं, "आबा, गिअरबॉक्सचं तेल बदलायला झालंय. पण कंपनीचंच घाला. ह्या गाडीचं तेल वेगळं असतं." संभाजीनगरच्या शोरूमला विचारलं, तर तेल दसऱ्यानंतर येईल म्हणाले. गाडी छान चालत होती. चार दिवस थांबायला काहीच हरकत नव्हती.

हरकत एकच. खंडेनवमी उद्यावर आली होती.

रामहरीकडे लाल तेलाचा एक डबा होता. कोणत्या कंपनीचा देव जाणे, पण वर लिहिलेलं होतं, सर्व ऑटोमॅटिक गाड्यांसाठी. रामहरी ट्रॅक्टरमधला पक्का माणूस, पण खोटा नाही. त्याने स्पष्ट सांगितलं, "आण्णा, मला ह्या गाडीतलं लई कळत न्हाई. बाहेरचं चांगलं तेल बी चालतंय म्हनत्यात, पण ह्याच गाडीला चालंल, असं ह्याच्यावर कुठं लिव्हलंय? थांबा थोडं."

"कावून थांबू? इतकी वर्सं खुर्चीत बसून थांबलो की! सगळ्यांच्या गाड्या नव्या तेलावर पुजायच्या आन माझीच जुन्यावर? ओत बे."

मी तिथेच होतो. मला वाटलं, तेल ते तेल, त्यात काय एवढं. रामहरीने ओतलं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरांच्या रांगेत आसारामची मोटार उभी राहिली, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि हा गडी कुबड्यांवर ताठ उभा राहून सगळ्यांना पेढे वाटत होता. इतका खूश मी त्याला पुन्हा पाहिला नाही.

दिवाळी नीट गेली. "बघ, काय झालं का?" म्हणून त्याने पोराची फोनवर थट्टाही केली. मग थंडीत गाडी निघताना थरथरायला लागली. कंपनीचं तेल येऊन पडल्याचा फोनही आला होता, पण आणायला गेलं तर आपली चूक कबूल करावी लागली असती. "गारठ्यानं व्हतंय," असं तो म्हणायचा.

माघात राजनंदिनीच्या मुलाचं जावळ होतं. मुलाचे कपडे, पेढे, साडी घेऊन आसाराम, अंजना आणि मी निघालो. माजलगाव मागे टाकलं आणि पुढच्या चढावर गाडी नुसती ओरडायला लागली. पाय दाबावा तेवढा आवाज वाढे, चाक मात्र हलेना. करपल्याचा वास आला. आसाराम किती तरी वेळ तसाच दाबत राहिला. शेवटी अंजनाच म्हणाली, "बस झालं आता."

मागून उसाचा ट्रॅक्टर आला. पोरं भली होती, खाली उडी मारून आली. "बाबा, बसा वर. धर रे ह्यांना." दोघांनी काखेत हात घातले. ज्या ट्रॉलीने पाय नेला तसल्याच ट्रॉलीच्या पुढे, ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर त्यांनी त्याला बसवलं. गाडी रस्त्याकडेला राहिली. तलवाड्यात दारात पाहुणे जमले होते. जावई धावत आले आणि त्यांनी सासऱ्याला लहान पोरासारखं उचलून खाली घेतलं. नातू मांडीवर दिला, तेव्हाही आसाराम खालीच बघत होता.

संभाजीनगरच्या मिस्त्रीने गिअरबॉक्स उघडला. आतला पट्टा गेला होता. "तेलानं गेला का आधीच झिजला होता, आता सांगता येत नाही. पण हे तेल ह्या गाडीचं नव्हतं," एवढंच तो बोलला. नव्या गिअरबॉक्सच्या किमतीत तसली दुसरी गाडी आली असती. हरिओम बापाला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं आसाराम मला म्हणाला.

यंदा खंडेनवमीला गॅरेजपुढे ट्रॅक्टर लागले. रामहरी स्वतः बोलवायला आला, आसाराम गेला नाही. मी पेढे घेऊन त्याच्या घरी गेलो, तेव्हा अंजनाने पाट मांडला होता. कोयता, खुरपी, विळा. यंदा तिने काही विचारलं नाही. आसाराम भिंतीला टेकून बसला होता. त्याने शेजारच्या दोन्ही कुबड्या ओढल्या, धोतराच्या सोग्याने पुसल्या आणि कोयत्याशेजारी नीट ठेवल्या.

"लाव गं ह्यांना बी हळदकुंकू," तो म्हणाला.

अंजनाने दोन्ही कुबड्यांना हळदकुंकू लावलं. पूजा होईपर्यंत कुबड्या पाटावरून हलवता येत नाहीत, म्हणून तो तिथेच बसून राहिला, आणि मी उठायला लागलो तसा माझ्याकडे हात करून म्हणाला, "जाता जाता मला ओट्यावर नेऊन ठिव बे."