काखेतलं अवधान

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, ज्या नर्सबाईंच्या हाताखाली बारा वर्षं काम केलं त्यांच्याजवळही नाही. बोलायची वेळ कितीदा तरी आली — लोकांनी हातात माईक देऊन विचारलं — आणि दर वेळी मी दुसरंच काहीतरी सांगून खाली उतरले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुतेक तुमच्याजवळ तोंड उघडतंय. ओळखत असता तर तुम्हालाही मी तेच सांगितलं असतं जे सगळ्यांना सांगते.

मी पळते. वय सेहेचाळीस, काष्टीच्या अलीकडच्या एका गावात आशा म्हणून काम करते, आणि पळते. नगरला दरवर्षी बायकांची एक दौड असते. स्तनाच्या कॅन्सरवर संशोधन चालतं, त्याला मदत म्हणून. गुलाबी टी-शर्ट मिळतो आणि छातीवर लावायला नंबराचा कागद. त्या कागदावर नंबराखाली एक ओळ छापलेली असते — ‘मी धावते ........ साठी’. मधली जागा आपण भरायची. मी ‘शोभा’ असं लिहिते. शोभा माझी धाकटी जाऊ. त्याच आजारानं गेली, सहा वर्षं झाली.

पहिल्या वर्षी मी साडीवरच टी-शर्ट घातला होता आणि पायात पोराचे जुने बूट. तीन किलोमीटरमध्ये जीव कंठाशी आला. मग गावात सराव सुरू केला, कालव्याच्या कडेकडेनं. उसाच्या गाड्या चाललेल्या असायच्या, ट्रॅक्टरवाले मुद्दाम हॉर्न वाजवायचे. आशाताईच्या मागं कुत्रं लागलंय का, असं बायका विचारायच्या. आता त्याच बायकांतल्या सात जणी माझ्याबरोबर पळतात, आणि मी दहा किलोमीटर न थांबता जाते. पेपरात फोटो आला — जावेसाठी धावणारी जाऊ. मेडल आणलं की मी शोभाच्या फोटोला घालते. लोक त्याचाही फोटो काढतात. मला ते आवडतं. लपवून काय करू? आवडतं.

मग यात खोटं काय, असं तुम्ही म्हणाल. जाऊ गेली, तिच्यासाठी पळते — सरळ तर आहे. हो. पण लोकांना वाटतं तसं नाही ते. कसं सांगू? आधी भांडणाचं सांगते.

आमची घरं एकाच अंगणात, चुली वेगळ्या. सासूबाई — आमच्याकडे आत्याबाई म्हणतात — जेवायला धाकटीकडे. मी दिवसभर गावात, कुणाचा डोस, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या रक्ताच्या गोळ्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अंगणात पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. कुणीतरी माझ्या कामाचं कौतुक केलं, आणि शोभा वाण देता देता म्हणाली, “आमच्या आक्का साऱ्या गावाची दुखनी इचारीत हिंडत्यात. घरच्या म्हातारीच्या गोळ्या मातुर मी देती.” बायका हसल्या. ती काही वाईट मनानं बोलली नसेल. ती तशीच होती, बोलायची आणि विसरून जायची. मी मात्र विसरले नाही, कारण ते खरं होतं. आत्याबाईंच्या बीपीची गोळी सकाळची की संध्याकाळची, हे मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं.

अबोला तुम्हाला माहीत असेल. त्यात बोलणं बंद नसतं — उलट जास्तच असतं, फक्त तोंड दुसरीकडे. “आत्याबाई, सांगा त्यांना, नळाला पाणी आलंय.” आणि ‘त्या’ तीन हातांवर उभ्या. “आत्याबाई, त्यांना म्हणावं, त्यांची कोंबडी आमच्या ओट्यावर आलीय.” आत्याबाई बिचाऱ्या नुसत्या माना हलवायच्या. निरोप पोचवायची गरजच नसायची. नवरे लोक हसायचे, दोन दिवसांत मिटेल म्हणायचे. आमचं पावणेदोन वर्षं चाललं. तिनं मध्ये दोनदा प्रयत्न केला, एकदा पुरणाची पोळी धाडली. मी ती म्हशीला घातली. म्हशीला घालताना ती बघते आहे ना, हे मी बघितलं.

त्या वर्षी आम्हाला नवीन फॉर्म आले होते. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा एक. तंबाखू खाता का, दम लागतो का, तोंडात जखम आहे का, असे प्रश्न, आणि बायकांसाठी वेगळे — स्तनात गाठ आहे का, काही बदल जाणवतो का. त्याआधी आम्हाला ट्रेनिंग दिलं होतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी दोन-तीनदा बजावलं होतं की दुखणारी गाठ घेऊन बाई स्वतःच येते, न दुखणारी घेऊन येत नाही. म्हणून आपण विचारायचं. काखेतसुद्धा विचारायचं. मी वहीत ते लिहून घेतलं होतं, खाली रेघसुद्धा मारली होती.

गावातली सगळी घरं मी केली. हे खरंच सांगते, नीट केली. चुलीपाशी बसून, दार लोटून, लाजणाऱ्या बाईला बोलतं करून. एका म्हातारीची गाठ माझ्यामुळे कळली, ती अजून बाजारात भाजी विकते. शेवटी राहिले ते आमच्याच अंगणातले फॉर्म. दुसऱ्या दिवशी जमा करायचे होते.

मी ओट्यावर बसून लिहीत होते. आत्याबाई शेंगा फोडत होत्या. शोभा दगडावर धुणं धूत होती. माझ्या हातात तिच्याच नावाचा फॉर्म होता — नाव, वय, नवऱ्याचं नाव मी भरून टाकलं होतं. आणि ती कपडे आपटायची थांबली. मोठ्यानं, जरा जास्तच मोठ्यानं म्हणाली, “आत्याबाई, माझ्या काखंत अवधान आलंय. लई दिस झालं, जाईना.”

अवधान शब्द शहरातल्यांना कळेल की नाही, ठाऊक नाही. पुस्तकात अवधान म्हणजे लक्ष. आमच्याकडे पायाला ठेच लागली, हाताला विळा लागला, की जांघेत नाहीतर काखेत गाठ धरते, तिला अवधान येणं म्हणतात. चार दिवसांत जखमेबरोबर जातं. कुणी त्याचं काही मनावर घेत नाही. बाईला काखेतली, छातीतली गाठ असं तोंडानं म्हणायची लाज वाटते, म्हणून तीही अवधानच म्हणते. हे मला माहीत होतं. गावात कुणी असं म्हणालं असतं, तर मी हातातलं काम टाकून उठले असते.

आत्याबाई म्हणाल्या, “हाताला काय लागलंय का?”

“न्हाई, काय लागल्यालं न्हाई. दुखत बी न्हाई.”

तिनं ते आत्याबाईंना सांगितलं का? तुम्ही सांगा. दहा महिने ती माझ्याशी जशी बोलत होती, तशीच बोलली. आत्याबाईंनासुद्धा कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, ही काय हितं बसलीय. हिला इचार की.” शोभानं कपडा पिळायला घेतला. खाली मान घालून म्हणाली, “ज्यांचं काम हाय, त्यांनी इचारावं.”

एवढंच करायचं होतं. उठायचं, चार पावलं जायचं, तिला आत घेऊन दार लावायचं. विचारणं हे माझं कामच होतं, कागद हातात होता.

मला त्या वेळी काय वाटलं, ते सांगते. हेच सांगायला इतकं फिरून आले. मला बरं वाटलं. हळदीकुंकवाला माझ्या कामावरून हसवलंस ना — आता त्याच कामाची गरज पडली. आता ये. माझ्याकडे बघून, मला आक्का म्हणून, तोंडानं विचार. तोवर मी उठायची नाही. ती गाठ साधी नसेल, हे मला कळलं नव्हतं असं नाही. काही लागलेलं नाही, दुखत नाही — दोन्ही गोष्टी तिनं आपणहून सांगितल्या होत्या, जणू माझी वही वाचूनच. तरी मी आत्याबाईंकडे बघून म्हणाले, “हळद-चुना लावायला सांगा.” आणि शोभाच्या फॉर्मवर, गाठीच्या प्रश्नापुढे, ‘नाही’वर खूण केली. मग पुढच्या सगळ्या प्रश्नांना, न विचारता, नाही, नाही, नाही. सही केली. दुसऱ्या दिवशी गठ्ठ्यात घालून देऊन आले.

तिनं हळद-चुना लावला. दोरीवर वाळणाऱ्या तिच्या झंपराच्या काखेत मला पिवळे डाग दिसायचे. किती दिवस दिसत होते, तेही मला सांगता येईल, पण नको.

अकरा महिन्यांनी तिच्या भावानं तिला नगरला नेलं. तोवर गाठ वरून दिसायला लागली होती. रिपोर्ट आला तशी मी धावत तिच्या घरात गेले, गळ्यात पडून रडले. अबोला असा मिटला. पुढच्या सगळ्या फेऱ्या मीच केल्या, एसटीनं, डबा घेऊन, तिचं डोकं मांडीवर घेऊन. सख्खी बहीण करणार नाही इतकं केलं, असं गाव म्हणतं. केलं, खोटं नाही.

पण मध्ये एक दिवस आला. तिचे कागद करायला आम्ही दोघी उपकेंद्रात गेलो होतो. नर्सबाईंनी जुना गठ्ठा काढला, तिचा फॉर्म शोधला आणि वाचून म्हणाल्या, “आशाताईंनी विचारलेलं दिसतंय की. तेव्हा गाठ नव्हती का?” मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होते. आता ही बोलणार. दोन शब्द — मला विचारलंच नाही — की माझं काम गेलं, अब्रू गेली, गावातलं सगळं गेलं.

शोभा म्हणाली, “व्हय. तवा न्हवती.”

ती त्यानंतर पाच महिने जगली आणि त्या पाच महिन्यांत आम्ही पाच हजार गोष्टी बोललो असू — लोणच्याच्या, पोरांच्या, तिच्या केसांच्या. हे एक सोडून. तिनं मला माफ केलं होतं का? की माझ्याशिवाय नगरला कोण नेणार, असा साधा हिशेब होता? मी विचारलं नाही. पुढं आत्याबाई गेल्या. ते धुणं, त्या शेंगा आठवणारी आता मी एकटी उरले आहे.

वेळेवर कळलं असतं तर ती वाचली असती का? हा प्रश्न मी पळताना स्वतःला घालते. त्याचं उत्तर ‘कदाचित नसतीही’ असं येऊ शकतं, आणि मला ते उत्तर फार हवंहवंसं वाटतं. म्हणून तो प्रश्न विचारायचीही मला लाज वाटते.

शोभाची मुलगी, ऋतुजा. आई गेली तेव्हा नववीत होती, आता श्रीगोंद्याला कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. मला मोठी आई म्हणते. या वर्षी तीही पळायला आली. आदल्या महिन्यात आम्ही दोघी कालव्यावर सराव करायचो. एक दिवस बूट बांधता बांधता तिनं विचारलं, “मोठी आई, आईला आधी काहीच कळलं नव्हतं का गं? तू तर घरात होतीस.”

सहा वर्षं हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. किती उत्तरं तयार ठेवली होती. त्यात खरंही एक होतं.

मी म्हणाले, “तुझी आईच म्हनली हुती, नर्सबाईंच्या समोर. तवा गाठ न्हवती म्हनून.”

ऋतुजानं बुटाची नाडी करकचून ओढली. मग म्हणाली, “म्हणजे नंतर कळलं, तरी गप्प बसली. अंगावर काढलं तिनं. आमचा विचारसुद्धा केला नाही.” तिच्या आवाजात राग होता. आईवरचा राग. मला तो तिथल्या तिथं पुसता आला असता. मी म्हणाले, चल, ऊन व्हायच्या आत निघू.

दौडीच्या दिवशी पळून झाल्यावर तिला स्टेजवर बोलावलं. समोर गुलाबी टी-शर्टातल्या शेकडो बायका. पोरगी घाबरली नाही, आईसारखीच मोठ्या आवाजाची आहे. म्हणाली, “माझ्या आईनं अंगावर काढलं. कुणाला सांगितलंच नाही तिनं. तुम्ही असं करू नका.”

शोभानं सांगितलं होतं. मला सांगितलं होतं, भर दुपारी, अंगणात, मला ऐकू जाईल अशा आवाजात.

मी पहिल्या रांगेत उभी होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.