रिपोर्ट चांगला यावा म्हणून

नलूताई गेल्याचं भाऊंनी, त्यांच्या यजमानांनी, मला जिन्यातच सांगितलं. मी "बरं" म्हणाले आणि भाजीची पिशवी घेऊन घरात गेले. मेथीसुद्धा निवडली. महिना उलटून गेला, तरी काही आतपर्यंत पोचतच नाही...

आम्ही दादर सोडून गोडदेवला आलो तेव्हा शेजारचं दार त्यांचं. त्या मूळच्या इथल्याच, माहेर मिठागरातलं. कुणी येणार म्हटलं की बाहेरची पायरीसुद्धा पुसून काढायच्या. गेल्या वर्षी त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. रक्त कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं आणि काही महिन्यांनी आणखी एक तपासणी सांगितली. रक्तात लोह वाहून नेणारं एक प्रथिन असतं, त्यातली किती जागा भरलीय ते तीत कळतं, असं ते म्हणाले. मी सोबत होते. ताईंनी विचारलं, "म्हंजे गाड्या किती नि मीठ किती भरलंय, त्येच ना?" डॉक्टर हसून हो म्हणाले.

रिपोर्ट छान आला. "औषध लागू पडतंय," डॉक्टर म्हणाले. ताईंनी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. त्यानंतर कशाला कोण आणखी तपासतंय! पुढे त्या ओट्यापाशीच कोसळल्या. हॉस्पिटलमध्ये पुन्हा रक्त घेतलं, तर गाड्या जवळजवळ रिकाम्या. आतड्यात गाठ होती, तिच्यातून कधीपासून थेंबथेंब रक्त जात होतं. मग आधीचा रिपोर्ट चांगला कसा? ताई निवांतपणे म्हणाल्या, "पोटात मळमळायचं म्हनून औषध बंदच केलेलं. तपासनीच्या सकाली मात्र चांगलं दुप्पट घेतलं. कोन बघाया येनार तर घर झाडायचं न्हाय?" त्या सकाळच्या औषधानं गाड्या तेवढ्या काही तासांपुरत्या भरल्या होत्या. मला ताईंचा राग येतो, पण तोही दुसऱ्या खोलीत चाललेल्या टीव्हीसारखा, नुसता ऐकू येतो.

परवा भाऊंना चहा नेऊन दिला. त्यांनी कप परत केला.

"बिनसाखरेचा दे, बाय. उद्या शुगर तपासायची हाय. नलू दोन दिस आधीच गोड बंद करायची. कवा रिपोर्ट खराब आला न्हाय माझा."

मी कप पुन्हा त्यांच्या हातात दिला. "रोज पिता तसाच प्या."

"नि खराब आला तर?"

"येऊ दे, भाऊ," मी म्हणाले. "या वेळी खरा येऊ दे."