आईच्या डोळ्याचा लाल पडदा

आईची नजर जाणार, ही बातमी घरात सर्वांत आधी मीच दिली. डॉक्टरांच्याही आधी!

आईला साखर आहे, म्हणून रेणापूरहून डोळे दाखवायला तिला लातूरला नेलं. तिथल्या मशीननं डोळ्याच्या पडद्याची जाडी मोजली. डॉक्टर ऑपरेशनात अडकलेल्या. "उद्या या," असं सांगून रिपोर्ट माझ्या हातात दिला. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे पडदा पातळ, एवढं खाली छापलेलंच होतं. (मी विज्ञानाचा मास्तर. एवढ्यावर माझं भागलं.) आईचं सगळं लाल!

एसटीतूनच भोकरला बहिणीला फोन लावला, "आईचा पडदा झिजलाय गं!" दिवेलागणीला ती रडत हजर. शिरूर अनंतपाळहून मामाही आला.

आई एकेकाचं तोंड हातात धरून बघत बसली. "बघून घिऊ द्या रं. उद्याचं कुणी सांगावं?" मामाला न्याहाळून म्हणाली, "किती वाळलास रं! बायकू जेवाया घालती का न्हाई?" मग हळूच मला विचारलं, "पूजंला तळहातावर इष्टलिंग घेते. ते तरी दिसंल का रं?"



दुसऱ्या दिवशी सगळं लटांबर डॉक्टरीणबाईंपुढे. त्यांनी रिपोर्ट बघितला, आईला बघितलं, मग मला.

"काका, तुमचं वय?"

"छप्पन्न."

"आणि आजींचं सहासष्ट? दहाव्या वर्षी तुम्ही झालात?"

मामा खोकला.

"आधारवर तसंच हाय की!" मी म्हणालो. नोंदणीच्या खिडकीवर वय मीच सांगितलं होतं. आधारच्या कॅम्पात आमच्या निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा पडलाय, अन् साल अंदाजानं. (एक जूनला गावात केक आणायचा तर ट्रॅक्टर लागेल!)

मामा म्हणाला, "रझाकाराच्या धामधुमीत, अठ्ठेचाळीस साली, आक्का पाळण्यात व्हती. अव्वा सांगायची." (अव्वा म्हणजे माझी आजी.)

बाईंनी समजावलं, "वयानं पडदा पातळ होतोच. मशीन आपण भरलेल्या वयाच्या माणसांशी ताडून बघतं, तीही बहुतेक परदेशातली. बायकांचा-पुरुषांचा, इथल्यांचा-तिथल्यांचा पडदा सारखा नसतो. लाल दिसलं म्हणजे आजार झाला, असं नाही."

मशीनमधलं वय दहा-बारा वर्षांनी वाढवलं. लाल गेलं, एका कोपऱ्यात जरासं पिवळं उरलं. डोळ्याचा दाब बरोबर. साखरेनंही पडद्याला काही केलेलं नाही. "आजी, नजर चांगली आहे. वर्षानं पुन्हा दाखवा."

आईनं डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं, पण मास्तरानं चारचौघांत रडायचं कसं? मी मशीनवरच घसरलो. "एवढं महागाचं मशीन, अन् माणसाचं साधं वय कळंना!"

आई म्हणाली, "त्याला कसं कळंल बाबा? ते परमुलखातलं. तू तर जल्मापासून माझ्याच म्होरं वावरलास की!"

डॉक्टरीणबाईंनी मग डोळे तपासायला मलाच मशीनसमोर बसवलं.